आपल्या गावाची रोजगार पाहणी: दिवस कसे मोजायचे

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या एखाद्या बाईचे वर्ष समोर धरा. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग-थिनिंगचे (घड औषधात बुडवणे आणि मणी विरळ करणे) ५० दिवस, जानेवारी ते मार्च काढणीचे ३५, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फेल (नको असलेले फुटवे) काढायचे १५. एकूण १०० दिवस हातात मजुरी आली. उरलेले २६५ दिवस घर, मुले, आणि कुणी बोलावले तर जायची तयारी. ही बाई रोजगारात आहे की बेरोजगार?

वर्षाचा हिशोब धरला तर ती 'कामगार' आहे. जूनमधला एक आठवडा धरला तर 'बेरोजगार' ठरेल, किंवा तिने "घरीच असते" म्हटले तर श्रमशक्तीच्या (काम करणारे आणि काम शोधणारे किंवा त्यासाठी तयार असणारे) बाहेर जाईल. तिन्ही उत्तरे नियमाला धरून आहेत. म्हणूनच 'आमच्या गावात बेरोजगारी किती टक्के' हा प्रश्न एका आकड्यात सुटत नाही, आणि नुसती रिकामी माणसे मोजणारी पाहणी नाशिक जिल्ह्यात हमखास फसते. इथे पूर्ण रिकामा बसलेला माणूस कमी सापडतो. तुटक दिवसांवर, उक्त्यावर, ठेकेदाराच्या हजेरीवर जगणारी माणसे घरोघरी आहेत, म्हणून पाहणीत दिवसच मोजावे लागतात. ही अडचण जुनी आहे. १९७० साली बेरोजगारीच्या अंदाजांसाठी नेमलेल्या दांतवाला समितीने आपल्यासारख्या देशात बेरोजगारी एका आकड्यात मांडू नये असे सांगितले, आणि त्यानंतरच राष्ट्रीय पाहणीत, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगाराच्या नमुना पाहणीत, वर्ष, आठवडा आणि दिवस अशी तीन मापे आली.

पुढची पद्धत ग्रामपंचायत, बचत गट, महाविद्यालयाचे रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) पथक किंवा शहरातल्या एखाद्या प्रभागातले कार्यकर्ते वापरू शकतात. पाहणी करणाऱ्या दोघादोघांच्या सहा जोड्या, जोडीला एक वही आणि दोन आठवडे हाताशी हवेत.

घरांची यादी आणि निवड

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवर विसंबू नका. त्यात वस्त्या, मळ्यातली घरे, बागेतल्या खोल्यांत राहणारी मजूर कुटुंबे आणि भाडेकरू सुटतात, म्हणजे ज्यांच्यासाठी पाहणी करायची तेच सुटतात. गावाला एक फेरी मारून यादी स्वतः करा. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. रेशनकार्ड किती आहेत याच्याशी संबंध नाही. यादी करतानाच तीन गोष्टी टिपा: माणसे किती, दहावी किंवा पुढे शिकलेली किती, आणि कामासाठी बाहेरगावी कोणी गेले आहे का.

घरे १५० च्या आत असतील तर निवड करूच नका, सगळी घरे घ्या. त्याहून जास्त असतील तर ६० घरे निवडा. समजा यादीत ४२० घरे आहेत. ४२० ला ६० ने भागले की ७ येतात. १ ते ७ च्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. ३ निघाला तर ३, १०, १७, २४ असे दर सातवे घर. यादी वस्तीवार लावलेली असेल तर प्रत्येक वस्तीतून आपोआप घरे येतात. राष्ट्रीय पाहणीतही गावातली घरे शिक्षणानुसार गट पाडून निवडत. दहावीच्या पुढची मुले आणि निरक्षर मजूर यांची बेकारी वेगवेगळ्या जातीची असते, हे त्यामागचे कारण. आपल्या ६० घरांत शिकलेल्या मुलांची घरे अगदीच कमी आली तर तेवढ्यासाठी वेगळी चिठ्ठी काढा, पण ती घरे एकूण टक्केवारीत मिसळू नका.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: निवडलेल्या घराला कुलूप दिसले की शेजारचे घर घेतले जाते. असे कधीही करू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात दिवाळीनंतर कुलूप लागलेले घर म्हणजे निफाड-दिंडोरीच्या बागांवर गेलेले कुटुंब. ते वगळले की पाहणीत फक्त गावात टिकलेली, म्हणजे त्यातल्या त्यात बरी असलेली घरे उरतात. वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जा. तरीही कुलूप असेल तर कुठे गेले, कधीपासून, कोणाबरोबर, एवढे शेजाऱ्यांकडून विचारून घर 'बाहेरगावी' म्हणून मोजा. अहवालात कुलूपबंद घरांचा आकडा पहिल्या पानावर द्या.

कधी जायचे

सकाळी अकराला गेलात तर घरी म्हातारी माणसे आणि मुले भेटतील. मजुरांच्या घरी संध्याकाळी सातनंतर किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी जा, कारण बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी कामाला सुट्टी आणि हातात पैसे असतात. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंद्याच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्यांची पाळी आधी विचारून ठेवा.

हंगामाचे भान तर फारच हवे. एकच पाहणी डिसेंबरात केली तर डिपिंग, लाल कांद्याची काढणी आणि उन्हाळ कांद्याची लागवड एकाच वेळी चालू असते. मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी ओरडत असतो आणि बेरोजगारी शून्याजवळ दिसते. तीच पाहणी मे अखेरीस केली तर चित्र उलटे. आदिवासी पट्ट्यात जुलैत भाताची लावणी असते, तेव्हा गाव भरलेले असते. त्यामुळे वर्षातून किमान दोनदा, जमल्यास चारदा तीच घरे गाठा. एकदाच करणार असाल तर अहवालाच्या शीर्षकातच महिना लिहा.

कोणाला विचारायचे

ज्याच्याबद्दल माहिती हवी त्यालाच विचारा. घरातल्या पुरुषाने सगळ्यांची उत्तरे दिली की बायकोपुढे 'घरकाम' आणि मुलापुढे 'काही नाही' लिहिले जाते. जोडीत एक बाई असू द्या, आणि बायकांशी शक्यतो चुलीजवळ किंवा गोठ्यात बोला, ओसरीवर सासऱ्यासमोर नको.

जाताच सांगून टाका की या माहितीवर कोणाचे रेशन, घरकुल किंवा कुठलीही योजना बंद होणार नाही आणि नवी मिळणारही नाही. दोन्ही बाजू सांगा. फक्त पहिली सांगितली तर माणसे जास्त गरिबी सांगतात. नाव वेगळ्या कागदावर आणि उत्तरे क्रमांकावर ठेवा.

"तुम्ही काम करता का?" हा प्रश्न वहीतून खोडूनच टाका. मराठीत 'काम' म्हणजे नोकरी किंवा मजुरी असा अर्थ लागतो. दोन म्हशींची धार काढून डेअरीला दूध घालणारी, कांद्याच्या चाळीत निवडायला बसणारी, नवऱ्याच्या दुकानात दुपारी गल्ला सांभाळणारी बाई या प्रश्नाला "नाही" म्हणते. त्याऐवजी एकेक नाव घेऊन विचारा: जनावरे कोण बघते, चारा कोण आणते, दूध विकता का, घरच्या शेतात निंदणी-खुरपणीला कोण जाते, बिडी वळता का, शिवण करता का आणि ते कोणासाठी.

राष्ट्रीय पाहणीत घरच्या शेतात किंवा दुग्धव्यवसायात बिनपगारी हातभार लावणारी व्यक्ती कामगार मोजली जाते, तिचा संकेतांक २१. निव्वळ घरकाम असेल तर ९२. घरकामाबरोबर सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणे किंवा घरच्यांसाठी शिवणे असेल तर ९३, आणि ९३ कामगारांत धरत नाहीत. २१ आणि ९३ मधली रेघ फार बारीक आहे. चारा विकायच्या दुधासाठी आणला की रानातून फुकट गोळा केला, एवढ्यावर एक बाई श्रमशक्तीच्या आत किंवा बाहेर जाते. जोडीजोडीने ही रेघ वेगळी ओढली तर सगळा आकडा हलतो, म्हणून पहिल्या दिवशी दहा खरी उदाहरणे घेऊन सगळ्या जोड्यांनी एकत्र बसून संकेतांक द्यावेत. त्यात एक अख्खा दिवस गेला तरी चालेल.

वर्षाचा तक्ता

प्रत्येक १५ वर्षांवरील व्यक्तीसाठी एक पान. वर बारा महिन्यांचे रकाने, खाली कामाचे प्रकार. महिन्यांची नावे घेऊन विचारले तर माणसे गोंधळतात. सणांना धरून विचारा. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत काय केले? दिवाळीनंतर कुठे गेलात, शिमग्याला परत आलात का? चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेच्या सुमारास बाग चालू होती का? निवृत्तिनाथांची पौषातली यात्राही त्र्यंबकच्या बाजूला चांगली खूण ठरते. प्रत्येक टप्प्यात आठवड्याला साधारण किती दिवस मजुरी मिळाली ते विचारून दिवस काढा.

घरचे शेत, बाहेरची मजुरी, पगारी नोकरी, स्वतःचा धंदा, काम हवे होते पण मिळाले नाही, शिक्षण, घरकाम, आजारपण: या सगळ्यांची बेरीज ३६५ यायलाच हवी. आली नाही तर तिथेच बसून दुरुस्त करा. घरी आल्यावर अंदाजाने भरू नका. 'बाहेरगावी' असलेल्या दिवसांना वेगळी खूण द्या.

नियम असा: आधी बघायचे की वर्षातला जास्त काळ श्रमशक्तीत, म्हणजे कामात किंवा कामाच्या शोधात आणि तयारीत गेला, की त्याबाहेर. श्रमशक्तीत गेला असेल तर त्यातला जास्त काळ कामात की बेकारीत. हा झाला मुख्य दर्जा. मुख्य दर्जा काहीही असो, वर्षात ३० दिवस किंवा जास्त काम केले असेल तर ती व्यक्ती दुय्यम दर्जाने कामगार धरतात. वृत्तपत्रांत येणारा वार्षिक आकडा बहुधा या दोन्हींची बेरीज असतो. सुरुवातीची दिंडोरीची बाई ३० दिवसांच्या नियमामुळेच रोजगारात बसते.

सात दिवसांचा तक्ता

ही पाहणीतली सर्वात मोलाची चौकट आहे. कालपासून मागे सात दिवस, प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे भाग, म्हणजे माणशी १४ चौकोन. प्रत्येक चौकोनात एकच अक्षर: 'क' म्हणजे काम केले, 'ह' म्हणजे काम हवे होते पण मिळाले नाही, 'न' म्हणजे काम नको होते किंवा जमणार नव्हते. चार तास किंवा जास्त काम झाले तर पूर्ण दिवस, एक तास ते चार तासांच्या आत अर्धा दिवस.

'ह' लिहिताना घाई नको. "काम शोधले का?" असे विचारले तर गावातला मजूर "नाही" म्हणेल, कारण मुकादमाने निरोप दिला नाही की तो घरी थांबतो, अर्ज घेऊन कुठे फिरत नाही. "त्या दिवशी मुकादमाने बोलावले असते तर गेला असता का?" हा प्रश्न विचारा. नाशिक शहरातल्या मजूर नाक्यावर उभा राहून दहा वाजता परत आलेला माणूस तर स्पष्टच 'ह' आहे.

आठवड्याच्या मापात सातपैकी एका दिवशी एक तास जरी काम केले तरी माणूस रोजगारात. आता बघा: एका मजुराने साडेचार दिवस काम केले, दीड दिवस काम हवे असून बसून काढला, एक दिवस विश्रांती घेतली. आठवड्याच्या मापाने त्याची बेरोजगारी शून्य. दिवसाच्या मापाने सहा दिवसांपैकी दीड, म्हणजे २५ टक्के. आता राष्ट्रीय पाहणीचे प्रमुख आकडे वर्षाच्या आणि आठवड्याच्या मापाने येतात, म्हणून हा तिसरा आकडा गावानेच काढायचा आहे.

अडणाऱ्या जागा

ठेकेदारामार्फत कारखान्यात जाणारा मुलगा "कंपनीत आहे" म्हणतो. महिन्याचा पगार असेल तर तो नियमित पगारी, संकेतांक ३१. पण तेवढ्यावर थांबू नका. लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) किंवा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे का, हे तीन प्रश्न राष्ट्रीय पाहणीतही विचारतात. पीएफ "कापतात" असे उत्तर आले तर यूएएनचे (पीएफ खात्याच्या क्रमांकाचे) पासबुक मोबाइलवर उघडायला सांगा आणि शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची जमा आहे ते टिपा. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो आणि कामगाराचा वाटा १२ टक्के. ईएसआय १० कामगारांपासून, कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. पावतीवर कपात आणि पासबुकात खडखडाट असेल तर ती नोंद वेगळी काढून ठेवा. मागच्या वर्षात 'ब्रेक' (कामातला मधला खंड) किती दिवसांचा दिला, तेही वर्षाच्या तक्त्यात येऊ द्या.

आयटीआय करून शिकाऊ उमेदवार झालेला मुलगा विद्यावेतन घेतो. पाहणीत तो पगारी धरला जातो, मात्र १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्याची वेगळी ओळ ठेवा. वर्ष संपल्यावर किती जणांना कामावर ठेवले हा प्रश्न त्या ओळीतूनच उभा राहतो.

सिन्नरची बिडी वळणारी, मालेगावच्या मागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणारी, येवल्यात व्यापाऱ्याच्या रेशमावर पैठणी विणणारी माणसे वेगवेगळ्या खणांत जातात. कच्चा माल व्यापाऱ्याचा आणि काम आपल्या घरी असेल तर राष्ट्रीय पाहणी त्याला स्वयंरोजगारात टाकते. दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन नगावर पैसे घेणारा मात्र मजूर. २०२३-२४ मध्ये देशात स्वयंरोजगारातली माणसे ५८.४ टक्के होती. २०१७-१८ मध्ये ५२.२. या शब्दाखाली ट्रॅक्टरवाला बागाईतदार आणि हजार बिड्यांवर दर घेणारी बाई शेजारीशेजारी बसतात. आपल्या वहीत 'माल कोणाचा, दर कोण ठरवतो' असा रकाना घाला.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मुख्यतः विद्यार्थी लिहिली जातात. उद्या पगारी काम मिळाले तर करणार का, असे विचारा आणि 'हो' आले तर बेरोजगार. त्यांची वये आणि किती वर्षे तयारी चालू आहे हे जरूर टिपा.

कमाई

दर विचारू नका, मागच्या आठवड्यात हातात किती पडले ते विचारा. त्यातून पिकअपचे भाडे, मुकादमाचा हिस्सा, आधी घेतलेल्या उचलीची कपात वजा करा. उक्त्या कामात टोळीला मिळालेली रक्कम, माणसे आणि दिवस यांनी भागल्याशिवाय रोज कळत नाही; एकरी कांदा लागवडीचा आकडा मोठा वाटतो, आणि भागाकार केला की निराळेच दिसते.

हिशोब

एक काल्पनिक उदाहरण घ्या. ६० घरांत १५ वर्षांवरील १९० माणसे. वर्षाच्या मापाने १३० श्रमशक्तीत, त्यातली १२५ कामात, ५ बेरोजगार. सहभाग दर १३० भागिले १९०, म्हणजे ६८.४ टक्के. बेरोजगारी दर ५ भागिले १३०, म्हणजे ३.८ टक्के. भाजक इथे श्रमशक्ती आहे, लोकसंख्या नव्हे; ही चूक तालुक्याच्या अहवालांतही होते. आठवड्याच्या मापाने श्रमशक्ती ११८, बेरोजगार ९, दर ७.६. दिवसांच्या मापाने 'क' आणि 'ह' मिळून ७७० दिवस, त्यातले 'ह' १४०, दर १८.२. एकाच गावाचे तीन आकडे, तिन्ही खरे. बायका आणि पुरुष वेगळे काढायला विसरू नका.

एवढ्या छोट्या नमुन्यात ७.६ चा अर्थ ढोबळमानाने ३ ते १२ असा घ्यायचा. म्हणून मागच्या फेरीत ७.६ आणि या फेरीत ९ आले तर 'बेरोजगारी वाढली' असे लिहू नका. दिवसांचा आकडा जास्त भरवशाचा असतो, कारण तो थोड्या बेरोजगार माणसांवर टांगलेला नसतो.

देशाच्या आकड्यांशी तुलना करताना माप तपासा. २०२३-२४ चा ३.२ टक्के हा वर्षाच्या मापाचा आहे. एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला आकडे निघू लागले, पहिला ५.१ टक्के आला, तो आठवड्याच्या मापाचा. हे दोन शेजारी ठेवून 'वर्षभरात बेकारी उसळली' म्हणणे चूक. तसेच १५ वर्षांवरील बायकांचा सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ वरून २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला, यात आनंद मानण्याआधी आपल्या वहीतल्या २१ आणि ३१ च्या ओळी बघा. वाढ पगारात झाली की घरच्या बिनपगारी कामात, हे गावात लगेच दिसते. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार नोंदणीच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीवरून बेरोजगारी काढू नका: नोकरी असलेलेही तिथे नाव ठेवतात आणि मजूर नोंदणी करत नाहीत. पीएफचे नवे सदस्य म्हणजे नव्या नोकऱ्या, असेही नाही. जुन्याच कामगाराचे नाव कागदावर आले तरी तो आकडा वाढतो.

ग्रामसभेपुढे ठेवताना

चार पानांपेक्षा जास्त नको. पहिल्या पानावर महिनावार 'ह' दिवसांचा तक्ता आणि कुलूपबंद घरे. ग्रामपंचायत विकास आराखड्यात कामे सुचवताना हा तक्ता समोर ठेवा: काम हवे असलेले दिवस मे-जूनमध्ये साचत असतील तर बांधबंदिस्ती, शेततळी, रस्त्याची कामे त्याच आठवड्यांत उघडायला हवीत, डिसेंबरात उघडून हजेरीपट रिकामा राहतो. रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. तोंडी मागणीचा पुरावा हाती राहत नाही. पीएफच्या वेगळ्या काढलेल्या नोंदी नाव उघड न करता कामगार संघटनेकडे किंवा पीएफ कार्यालयाकडे न्या, पण आधी त्या कामगाराची परवानगी घ्या. ठेकेदाराला नाव कळले तर दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी बंद होऊ शकते.

भरलेल्या वह्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि नावांचा कागद दुसऱ्या जबाबदार माणसाकडे ठेवा. पुढच्या फेरीला तीच ६० घरे घ्यायची आहेत, त्यामुळे घरक्रमांकाशेजारी 'संध्याकाळी सातनंतर', 'मळ्यात, कालव्याच्या पलीकडे' अशा खुणा आत्ताच लिहून ठेवा.